डेटाबेस उठत का नाही?

पावसाळ्यात वेर्णा-पर्वरीकडे वीज जाऊन परत आली की आयटीवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते: डेटाबेसच्या क्लस्टरमधला, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटातला, एखादा नोड सुरूच होत नाही. मग रॅकला लिंबू-मिरची बांधायचीही सूचना येते. सर्व्हरला नजर लागत नाही. त्याची मेमरी संपते.

कॅसँड्रासारखा डेटाबेस तीच माहिती अनेक मशीनवर, म्हणजे नोडवर ठेवतो. एक पडला तरी बाकीचे काम भागवतात. पण पडलेल्याला उठताना एरवीपेक्षा जास्त मेमरी लागू शकते, कारण डेटाफाइलपर्यंत न पोचलेल्या नोंदी कमिटलॉगमधून, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणाऱ्या फाइलीतून, वाचून त्याला पुन्हा मेमरीत भराव्या लागतात.

इथे लिनक्सची गंमत सुरू होते. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की लिनक्स बहुधा नुसतं ‘दिली’ म्हणतं. प्रत्यक्ष मेमरी मिळते ती त्या जागेवर पहिल्यांदा लिहिताना, साधारणपणे 4 केबीच्या एकेका पानाने. त्यामुळे 16 जीबीच्या मशीनवर वचनांची बेरीज 16 च्या वर सहज जाते. नाताळात कळंगुटचं हॉटेल खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतं, त्यातलाच प्रकार. सगळेच आले तर? मेमरी संपते. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) गुण देतं आणि सहसा सर्वांत जास्त मेमरी अडवणारीला मारतं. डेटाबेसच्या मशीनवर ती कोण, हे उघड आहे.

मारतं तेही सिग्नल 9 ने, जो कुठलाच प्रोग्रॅम अडवू शकत नाही. म्हणून डेटाबेसचा लॉग मध्येच तुटतो, काय बिघडलं याचा एक शब्दही सापडत नाही. डेटाबेस कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालत असेल तर बंद पडल्याचा कोड म्हणून 137 हा आकडा दिसतो: 128 अधिक 9. साक्ष मिळते कर्नलच्या लॉगमध्ये, ‘डीमेसेज’ चालवल्यावर: ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’.

डेटाबेसच्या लॉगमध्ये जावाचा (कॅसँड्रा याच भाषेत लिहिलाय) ‘आउटऑफमेमरीएरर’ असेल तर गोष्ट वेगळी. त्यात ‘जावा हीप स्पेस’ लिहिलं असेल तर हीप, म्हणजे जावाने स्वतःच्या डेटासाठी राखलेली मेमरी, अपुरी; ती वाढवा. ‘मॅप फेल्ड’ असेल तर बहुधा मॅपिंगची, म्हणजे फाइलींचे भाग मेमरीशी जोडण्याची, मर्यादा संपली. ती अनेक मशीनवर 65530 असते, वाढवावी लागते. कर्नलने मारलं असेल तर मात्र हीप कमी करायची! कॅसँड्रा हीपबाहेरही बरीच मेमरी वापरतो, आणि फाइलींच्या कॅशलाही जागा लागते. कुठला लॉग बोलला हे न पाहता ‘रॅम वाढवा’ सांगणाऱ्याचं ऐकू नका.