पंचविसाव्या आठवड्यापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत

ऑगस्ट 2025 मध्ये 'शोले'ला पन्नास वर्षं झाली. ऑक्टोबरात 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'ने तिशी गाठली. त्याआधी जुलैत गुरुदत्त यांची जन्मशताब्दी येऊन गेली, आणि त्याच्याही आधी दिलीपकुमार (2022), देव आनंद (2023), राज कपूर (2024) अशा शताब्द्या ओळीने लागल्या होत्या. प्रत्येक वेळी जुने सिनेमे पुन्हा पडद्यावर आले, पुरवण्या निघाल्या, मोबाइलवर दिवसभर त्याच गाण्यांच्या क्लिपा फिरल्या. हे सगळं आता इतकं अंगवळणी पडलंय की सिनेमाचा वाढदिवस पूर्वापार असाच साजरा होत आला असावा, असं वाटतं. तसं नाही. आपल्याकडे सिनेमाचं वय बराच काळ वर्षांत नाही, आठवड्यांत मोजलं जायचं.

रौप्य, सुवर्ण, हीरक ही उतरंड मुळात राजघराण्याची. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला 1887 मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा हिंदुस्थानभर समारंभ झाले. मुंबईतल्या व्हीजेटीआयच्या मूळ नावातली 'ज्युबिली' त्याच वर्षाची. सिनेमावाल्यांनी हा थाट उचलला, पण पंचवीस वर्षं थांबायला इथे कोणाला सवड होती? एका थिएटरात पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव, पन्नास आठवडे झाले की सुवर्णमहोत्सव. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' डिसेंबर 1936 मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि पन्नासहून अधिक आठवडे तिथून हलला नाही. कलकत्त्याच्या रॉक्सीत 1943 चा 'किस्मत' तीन वर्षांहून जास्त काळ चालला.

या मोजणीमागे साधं व्यवहारी कारण होतं. सिनेमाच्या प्रिंट मोजक्या निघत. मोठ्या शहरात एक 'मेन थिएटर' असे. सिनेमा आधी तिथे कस लावून चालायचा आणि मग त्याच झिजलेल्या प्रिंट तालुक्याच्या गावी, तिथून तंबूत पोचायच्या. मुंबईत सिनेमा किती आठवडे टिकला, यावर पुढचा वितरक किती पैसे मोजायचे ते ठरवायचा. म्हणून वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नटनटीच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत '23वा यशस्वी आठवडा' छापलेलं असे. पंचविसाव्या आठवड्याला थिएटर सजवलं जाई, कलाकार हजेरी लावत, ट्रॉफ्या वाटल्या जात. जुन्या नटांच्या घरातल्या कपाटांचे फोटो पाहिले तर या ट्रॉफ्या पुरस्कारांहून जास्त दिसतात. राजेंद्रकुमार यांचे सिनेमे साठच्या दशकात एकामागून एक इतके चालले, की लोकांनी त्यांना 'ज्युबिलीकुमार' करून टाकलं.

आणि अर्थात हातचलाखीही होती. गर्दी ओसरली की दिवसाचे तीन खेळ काढून एकटी मॅटिनी ठेवायची आणि आठवडे पुढे ढकलायचे. चार थिएटरांतले आठवडे एकत्र करून 'कम्बाइन्ड' ज्युबिली साजरी करायची. विसाव्या-बाविसाव्या आठवड्यात सिनेमा धापा टाकू लागला, तर निर्मात्यानेच तिकिटं उचलल्याच्या कुजबुजी हमखास ऐकू येत. त्यातल्या किती खऱ्या हे सोडा, पण पंचवीस या आकड्यासाठी कोणी पदरचे पैसे घालेल हे लोकांना सहज पटायचं, यातच त्या आकड्याची पत कळते.

मराठीत या हिशेबाचे बादशहा दादा कोंडके. त्यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. गंमत अशी, की या मालिकेतल्या पहिल्याच 'सोंगाड्या'ला 1971 मध्ये दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना. हिंदी सिनेमाला झुकतं माप होतं. बाळासाहेब ठाकरे आणि शिवसैनिक मध्ये पडले तेव्हा कुठे तो लागला. मराठी सिनेमाला थिएटर मिळत नाही हे रडगाणं आजचं नाही, एवढं यावरून नक्की समजावं. आठवडे मोजायचे तर आधी पहिला आठवडा मिळायला हवा. तोच मराठी निर्मात्याला झगडून घ्यावा लागत होता.

'शोले' या आठवडेमोजणीचा कळस. 15 ऑगस्ट 1975 रोजी लागलेला हा सिनेमा सुरुवातीला थंड होता, जाणकारांनी त्याला मोडीतच काढलं होतं. मग तोंडोतोंडी पसरला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ राहिला. पुढे 'दिलवाले'ने मराठा मंदिरमध्ये हे सगळं मागे टाकलं. डिसेंबर 2014 मध्ये त्याचे 1000 आठवडे झाले. फेब्रुवारी 2015 मध्ये तो उतरवायचं ठरलं, तर लोकांच्या आग्रहामुळे निर्णय फिरवावा लागला. मुंबई सेंट्रलला उतरलेला, हातात दोन तास आणि खिशात थोडे पैसे असलेला माणूस हा त्या सकाळच्या खेळाचा मोठा आधार. तो वर्षगाठ साजरी करायला आलेला नसतो.

मल्टिप्लेक्स आल्यावर ही व्यवस्थाच मोडली. 1997 मध्ये दिल्लीत पहिलं मल्टिप्लेक्स सुरू झालं आणि पुढच्या दहाएक वर्षांत ती पद्धत सगळ्या शहरांत पसरली. एकाच शुक्रवारी शेकडो, मग हजारो पडद्यांवर सिनेमा लावायचा आणि तीन दिवसांत पैसे वसूल करायचे. पंचविसावा आठवडा येणार कुठून? तिसऱ्या आठवड्यात सिनेमा शोधावा लागतो. आकड्याची हौस मात्र गेली नाही. आठवड्यांच्या जागी कोटी आले. एप्रिल 2016 च्या 'सैराट'ने 100 कोटींच्या गल्ल्याकडे झेप घेतली तेव्हा मराठीने हा नवा हिशेब पहिल्यांदा अनुभवला. सिनेमा किती दिवस चालला, हे त्यानंतर फारसं कोणी विचारलं नाही.

वर्षांची मोजणी या पोकळीत शिरली, असं माझं मत आहे. थिएटरात मुक्काम न करणारा सिनेमा आठवणीत किती टिकला, ते सांगायला दुसरं माप उरलं नाही. शिवाय धंद्यालाही ते सोयीचं झालं. ऑक्टोबर 2022 मध्ये अमिताभ बच्चन यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली, तेव्हा फिल्म हेरिटेज फाउंडेशनने देशभरातल्या मल्टिप्लेक्समध्ये त्यांच्या जुन्या सिनेमांचा महोत्सव भरवला. 'डॉन' लागला की प्रेक्षक नाचताहेत, असे व्हिडिओ आले. त्यानंतर जन्मशताब्द्यांची रांग लागली आणि जुना सिनेमा पुन्हा लावणं हा रिकामे पडदे भरायचा राजमार्ग झाला. 2018 मध्ये थंड गेलेल्या 'तुंबाड'ने 2024 मध्ये पुन्हा लागल्यावर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली, आणि त्याला तर कुठल्या वर्षगाठीचं निमित्तही लागलं नाही. 2025 च्या मार्चमध्ये 'सैराट' परत आला, तोही दहा वर्षं भरायची वाट न पाहता.

पण वर्षांची मोजणी सगळी धंद्यातून आलेली नाही. महाराष्ट्राला जयंती-पुण्यतिथीची सवय फार जुनी. तुकाराम बीज आणि आळंदीचा संजीवन समाधी सोहळा सिनेमाच्या कितीतरी शतकं आधीपासून चालू आहेत. संगीतात ही रीत सरळ उतरली. सवाई गंधर्व 1952 मध्ये गेले आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त पुण्यात शिष्यांनी गाणं ठेवलं. भीमसेन जोशींनी ते इतकं वाढवलं की आज 'सवाई' म्हटलं की लोकांना डिसेंबरची थंडी आणि शाली आठवतात. मूळ पुण्यतिथी 12 सप्टेंबरची, हे मंडपातल्या किती जणांना ठाऊक असेल? दीनानाथ मंगेशकरांची पुण्यतिथी मात्र 24 एप्रिललाच घट्ट बांधलेली राहिली, कारण कुटुंबाने ती तशी धरून ठेवली. तारीख टिकते ती कोणीतरी दरवर्षी सभागृह आरक्षित करतं म्हणून.

गीतरामायणाचं प्रकरण याहून मजेचं. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत लागलं ते 1 एप्रिल 1955 रोजी, त्या दिवशी रामनवमी होती. आठवड्याला एक गीत, वर्षाची 52, असा सरळ हिशेब. पण त्या शकवर्षात अधिक मास आला आणि वर्षच लांबलं. गदिमांना चार गीतं जास्त लिहावी लागली, म्हणून ती 56 झाली. मालिका संपली 19 एप्रिल 1956 ला. एक एप्रिल ते एकोणीस एप्रिल हे इंग्रजी दिनदर्शिकेत वर्षाहून जास्त होतं, पंचांगात मात्र रामनवमी ते रामनवमी, चोख एक वर्ष. आता याचा वर्धापनदिन कधी धरायचा? रसिकांनी दोन्ही धरले. 1 एप्रिलला लेख येतात आणि रामनवमीला गावोगावी कार्यक्रम होतात. गदिमा आणि सुधीर फडके दोघेही 1919 चे, आणि पु. ल. देशपांडेही. 2019 मध्ये तिघांच्या जन्मशताब्द्या एकदम आल्या तेव्हा आयोजकांची सभागृहं मिळवताना दमछाक झाली. पु.लं.वरचा दोन भागांचा चरित्रपट त्याच वर्षीच्या सुरुवातीला लागला. फडक्यांवरचा यायला 1 मे 2024 उजाडला.

नाटकवाले या सगळ्यापासून थोडे वेगळे राहिले. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्याच्या स्मरणार्थ 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो आणि सांगलीत भावे गौरवपदक दिलं जातं. एरवी मात्र ते प्रयोगांत मोजतात. 'वस्त्रहरण'चे 5000 हून जास्त, प्रशांत दामले यांचे एकूण 12,500. नोव्हेंबर 2022 मध्ये तो टप्पा गाठला गेला. हे माप मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, कारण प्रत्येक आकड्यामागे त्या संध्याकाळी रंगमंचावर उभं राहावं लागतं. मालिकावाल्यांचा हिशेब भागांचा. हजाराव्या भागाला सेटवर केक कापतात आणि दुसऱ्या दिवशी एक हजार एकावा भाग चित्रित करतात.

उरतो तो सगळ्यांत मोठा वाढदिवस, खुद्द भारतीय सिनेमाचा. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला, ती तारीख आपण धरतो. पण निमंत्रितांना तो 21 एप्रिललाच ऑलिम्पियात दाखवला होता. आणि त्याच कॉरोनेशनमध्ये जवळपास वर्षभर आधी, 18 मे 1912 ला, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. तो नाटकाच्या प्रयोगाचं चित्रण होता, छायाचित्रकार इंग्रज होता आणि फिल्म विलायतेत धुतली गेली होती, म्हणून त्याला पहिलेपण नाही, असा फाळक्यांच्या बाजूचा युक्तिवाद. 2013 मध्ये शताब्दीच्या धामधुमीत हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याहीमागे जायचं तर छायाचित्रकार सावेदादांनी 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली होती. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचे खेळ 7 जुलै 1896 ला झाले होते. यातली कुठलीही तारीख निवडता आली असती. कथा, पात्रं, दिग्दर्शन आणि प्रयोगशाळा सगळं एका माणसाने इथेच उभं केलं ते फाळक्यांच्या बाबतीत, आणि मला ती निवड योग्य वाटते. पण ती निवड आहे.

फाळक्यांना स्वतःला या वर्षगाठीचा काय लाभ झाला? तिसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत भारतीय सिनेमाचा रौप्यमहोत्सव झाला, हा खराखुरा पंचवीस वर्षांचा. निमंत्रण होतं, पण फाळके प्रेक्षकांतच बसले होते, व्ही. शांताराम यांनी त्यांना ओळखून व्यासपीठावर नेलं, असं सांगितलं जातं. मग त्यांच्या घरासाठी पैसे गोळा करायचं आवाहन झालं. जमले थोडेच. प्रभातने त्यात भर घातली आणि नाशिकच्या गोळे कॉलनीत एक छोटा बंगला उभा राहिला. फाळक्यांनी त्याला 'हिंद सिने जन्माश्रम' नाव दिलं. 1944 मध्ये ते नाशकातच गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 पासून सुरू झाला, जन्मशताब्दी तोंडावर आली तेव्हा. पहिला मान देविकाराणींना मिळाला.

पन्नाशीला 'शोले'ची मूळ प्रत दुरुस्त करून जून 2025 मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट तिच्यात परत आला. ठाकूर गब्बरला मारतो तो. वर्षगाठीच्या निमित्ताने एवढं काम होणार असेल तर केक आणि क्लिपा खुशाल चालू द्याव्यात.

पुढच्या तारखा ठरलेल्या आहेत. कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभातला 1 जून 2029 रोजी शंभर वर्षं होतील. पुण्यातल्या तिच्या स्टुडिओत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. 14 मार्च 2031 ला 'आलम आरा'ची, म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाची शताब्दी. ज्या मॅजेस्टिकमध्ये तो लागला ते थिएटर आता नाही आणि सिनेमाची एकही प्रत सापडलेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पहिल्या मराठी बोलपटाची पाळी, 'अयोध्येचा राजा'ची. तो मात्र शाबूत आहे. 2032 मध्ये तो पडद्यावर लावता येईल.