परस्पर कायदेविषयक साहाय्य आणि पुणे

गुन्हा एका देशात घडला, आरोपी दुसऱ्या देशात जाऊन बसला आणि पैसा किंवा पुरावा तिसऱ्याच देशात असला, तर त्या देशांच्या सरकारांनी एकमेकांच्या तपासयंत्रणांची व न्यायालयांची मदत घेण्याची जी रीतसर पद्धत आहे, तिला परस्पर कायदेविषयक साहाय्य म्हणतात. साक्षी नोंदवणे, कागदपत्रे मिळवणे, खाती गोठवणे ही कामे तिच्यात येतात. आरोपीला ताब्यात देणे म्हणजे प्रत्यार्पण. ते कायद्याने वेगळे असले तरी व्यवहारात दोन्ही बरोबरच चालतात. एका देशाच्या पोलिसाला दुसऱ्या देशात साधी झडतीही घेता येत नाही, म्हणून ही सगळी यंत्रणा उभी राहिली.

मित्रदेशांचे सुरक्षा सहकार्य म्हटले की पुणेकराला आधी औंधचा लष्करी तळ आठवतो. २०१४ मध्ये चीनबरोबरचा ‘हँड इन हँड’, २०१८ मध्ये बिमस्टेक म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचा आणि २०१९ व २०२३ मध्ये आफ्रिकी देशांबरोबरचा सराव तेथे झाला. बिमस्टेकच्या सरावातून नेपाळने आयत्या वेळी तुकडी मागे घेतली व केवळ निरीक्षक पाठवले. असे सराव बातम्यांत दिसतात, त्यांची छायाचित्रे येतात. या नोंदीतले सहकार्य मात्र फायलींतून चालते आणि वर्षानुवर्षे कुणाला दिसत नाही.

पुण्यातला तपास अधिकारी परदेशी बँकेला थेट पत्र लिहून खात्याचा उतारा मागवू शकत नाही. मिळालाच तरी तो न्यायालयात टिकेल याची खात्री नसते. प्रस्ताव राज्याच्या गृह विभागामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. तेथून संमती आली की न्यायालय विनंतीपत्र, म्हणजेच लेटर रोगेटरी, काढते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६६-अ खाली होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ११२ लागू आहे. मग ते पत्र पुन्हा दिल्लीमार्गे त्या देशाच्या यंत्रणेकडे जाते आणि उत्तरही त्याच वाटेने उलटे येते. त्यातच फिर्याद, पंचनामा, जबाब हे सारे मराठीत असते. त्याचे आधी इंग्रजीत आणि गरज पडली तर त्या देशाच्या भाषेत भाषांतर करावे लागते. ‘मुद्देमाल’ किंवा ‘पंच’ या शब्दांमागची पद्धतच जिथे नाही, तिथल्या न्यायाधीशाला ती समजावून सांगणे हे निम्मे काम आहे, असे म्हटले तरी चालेल.

अशा साहाय्याचे भारताचे करार चाळीसहून अधिक देशांशी आहेत. अमेरिकेशी २००१ मध्ये करार झाला व तो २००५ मध्ये अमलात आला. प्रत्यार्पणाचा आधार १९६२ चा कायदा असून ते काम परराष्ट्र मंत्रालय पाहते. देशोदेशींच्या पोलिसांना जोडणाऱ्या इंटरपोल या संघटनेबद्दल मात्र लोकांत बराच गैरसमज आहे. रेड नोटीस निघाली म्हणजे इंटरपोलचे पोलीस जाऊन आरोपीला पकडून आणतील, असे नव्हे. इंटरपोलकडे स्वतःचे पकडणारे पोलीसच नाहीत. नोटीस ही आरोपीला शोधून तात्पुरते अटकेत ठेवावे अशी सदस्यदेशांना केलेली विनंती असते आणि ती किती मानायची हे ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो. भारतात इंटरपोलशी संपर्काचे काम सीबीआयकडे आहे.

मार्सेयचे प्रकरण. रीत बाजूला ठेवून केलेल्या सहकार्याचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याचे आहे. विनायक दामोदर सावरकर यांना मार्च १९१० मध्ये लंडनला अटक झाली आणि खटल्यासाठी ‘मोरिया’ या बोटीने हिंदुस्थानात पाठवण्यात आले. ब्रिटन व फ्रान्स तेव्हा मित्रदेश होते. बोट फ्रान्सच्या मार्सेय बंदरात थांबणार म्हणून लंडनच्या पोलीसप्रमुखांनी पॅरिसच्या सुरक्षा विभागाला आधीच पत्र लिहून ठेवले होते. ८ जुलैच्या सकाळी सावरकरांनी बोटीच्या खिडकीतून उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. फ्रेंच शिपायाने त्यांना धरले व तसेच बोटीवर परत नेले. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला प्रत्यार्पणाच्या चौकशीविना सोपवले गेले होते. फ्रान्समध्ये त्यावरून ओरड झाली आणि त्यांना परत द्यावे अशी मागणी फ्रेंच सरकारने केली. वाद हेगच्या लवाद न्यायालयात गेला.

२४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने मान्य केले, की अटकेत व सोपवण्यात अनियमितता झाली. तरीही दुसऱ्या देशाच्या अंमलदाराने चूक केली म्हणून कैदी परत देण्याचे बंधन घालणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे म्हणून निकाल ब्रिटनच्या बाजूने दिला. दोन्ही पोलीसदलांत आधीच पत्रव्यवहार झाला होता आणि फसवणूक वा बळजोरी झाली नव्हती, याला लवादाने महत्त्व दिले. निवाडा येण्याआधीच मुंबईत सावरकरांना शिक्षा सुनावून झाली होती. दोन पोलीसदलांतल्या त्या पत्रव्यवहाराने एका माणसाचा आश्रयाचा प्रश्न विचारला जाण्याआधीच मिटवला, हे या निवाड्याचे खरे दुखणे. कायद्याचे अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात.

रीत बाजूला ठेवण्याचा हा मोह आजही आहे. प्रत्यार्पणाला वर्षे लागतात, म्हणून परवान्याचा वा पारपत्राचा काही दोष काढून माणसाला थेट हद्दपार करणे सोपे पडते. २६/११ च्या हल्ल्यातील आरोपी झबीउद्दीन अन्सारी, मूळचा बीड जिल्ह्यातला, २०१२ मध्ये सौदी अरेबियाहून असाच आला.

अटी. मदत मागितली तरी ती मिळेलच असे नाही. पहिली अट दुहेरी गुन्हेपणाची : जे कृत्य भारतात गुन्हा आहे, ते त्या देशातही गुन्हा हवे. पुण्यातील एका घोड्यांच्या व्यापाऱ्यावर २००७ मध्ये प्राप्तिकराचे छापे पडले आणि स्विस बँकेतल्या अफाट रकमेची चर्चा झाली, तेव्हा हाच अडसर होता. केवळ कर बुडवल्यावरून माहिती द्यायला स्वित्झर्लंड तेव्हा तयार नसे. शिवाय पाठवलेली कागदपत्रे बनावट असल्याचे स्विस यंत्रणेने कळवले. वर्तमानपत्रांत गाजलेला आकडा विनंतीपत्रात टिकला नाही. दुसरी अट शिक्षेची असते. पोर्तुगालने २००५ मध्ये अबू सालेमला सोपवताना फाशी किंवा पंचवीस वर्षांहून जास्त कैद होणार नाही, अशी हमी घेतली आणि सरकार त्या शब्दाला बांधील आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले.

मित्रदेशही आपला आरोपी आधी स्वतःसाठी वापरतो. २६/११ साठी पाहणी करणारा अमेरिकी नागरिक डेव्हिड हेडली पुण्यालाही येऊन गेला होता. कोरेगाव पार्कातील छबाड हाउस या ज्यू केंद्राची त्याने पाहणी केली होती. तेथून जवळच्याच जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी स्फोट होऊन १७ जण मृत्युमुखी पडले. त्या स्फोटाचा खटला वेगळा चालला. हेडलीने त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि बदल्यात भारताच्या हाती न देण्याचे वचन मिळवले. भारताला मिळाली ती शिकागोतली चौकशी आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयासमोर व्हिडिओवरून झालेली साक्ष. त्याचा साथीदार तहव्वूर राणा मात्र दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणला गेला.

कॉसमॉस बँक. सायबर गुन्ह्यात या पद्धतीची सगळ्यात जास्त ओढाताण होते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या कार्डव्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेवर हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये निघाले आणि भारतात आणखी अडीच कोटी. १३ तारखेला स्विफ्ट या बँकाबँकांतल्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४.४२ कोटी. फिर्याद चतुःशृंगी पोलीस ठाण्यात दाखल झाली. म्हणजे एका ठाण्याच्या हद्दीतला गुन्हा आणि पुरावा अठ्ठावीस देशांतल्या कॅमेऱ्यांत. कॅमेऱ्यांचे चित्रण फार काळ ठेवले जात नाही आणि विनंतीपत्राला महिने लागतात. त्यामुळे तपास जिथे हात पोहोचत होता तिथे लागला : देशातल्या एटीएममधून रोकड काढणारे सापडले आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. हाँगकाँगला गेलेल्या पैशाचा काही भागही परत मिळाला, कारण तो एका बँकेत, एका खात्यात, गोठवता येण्यासारखा होता. जगभर विखुरलेल्या नोटांचे तसे नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. तिकडे विनंतीपत्र पाठवून काय हाती लागणार, हे सांगायला नको.

कधी पारडे उलटही असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र’ या मोहिमेत पुणे व अहमदाबाद येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. फसवले गेलेले लोक अमेरिकेतले होते आणि माहिती पुरवणाऱ्यांत एफबीआय होती. अशा खटल्यात फिर्यादी ओहायोत किंवा टेक्ससमध्ये राहणारा एखादा वृद्ध असतो, आणि त्याचा जबाब मिळवण्यासाठी विनंतीपत्र पुन्हा इकडूनच निघते.