जुनी इस्टेट घ्यायचीय म्हटलं की लोक विचारतात, कोणत्या शिवारात?

धुळ्या-जळगावात कोणाला सांगून बघा की जुनी इस्टेट बघतोय. समोरचा लगेच विचारणार, कुठं, बागायत की कोरडवाहू? आमच्याकडे इस्टेट म्हणजे सातबारा, मागं छत डिक्कीपर्यंत लांबवलेल्या गाडीला कोणी इस्टेट म्हणतं हेच पटायला वेळ लागतो. गंमत अशी की शब्दाच्या मुळाशी गेलं तर विचारणारा फार चुकत नाही. इंग्लंडात जमीनदारांच्या वाडीवर पाहुणे, कुत्री, बंदुका, सामान वाहायला मागून लाकडी बॉडीच्या गाड्या बांधून घ्यायचे, म्हणून ती इस्टेट कार. अमेरिकेत तसलीच गाडी रेल्वे स्टेशनवरून माणसं आणायची म्हणून स्टेशन वॅगन. पुढे कंपन्यांनी आपापली नावं काढली, ऑडीची अव्हांट, बीएमडब्ल्यूची टूरिंग, स्कोडाची कोंबी, आणि आज जलद, म्हणजे हाय-परफॉर्मन्स, इस्टेट सेकंडहँड शोधताना हीच नावं टाकावी लागतात, कारण नुसतं इस्टेट टाकलं की गाड्या कमी आणि प्लॉट जास्त येतात.

भारतात हे नाव सरळ गाडीवर लिहायचं धाडस टाटानं केलं, १९९२ ची टाटा इस्टेट. खाली पिकअपची चॅसी, दोन लिटरच्या आतलं बिनटर्बोचं डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), पण पॉवर विंडो वगैरे थाट होता. तिचा अनुभव बघून असेल किंवा नसेल, नंतरच्यांनी हा शब्दच टाळला. मारुतीनं बलेनोला अल्टुरा म्हटलं, ओपेलनं कोर्साला स्विंग, फियाटनं सिएनाला वीकेंड, आणि खुद्द टाटानं २००४ साली इंडिगोला मरीना. नाव बदलून लोक फसले नाहीत. मागून ॲम्ब्युलन्स दिसते, लग्नात नवरदेव कुठं बसवायचा, हेच ऐकू यायचं.

युरोपात तोवर वेगळंच चाललं होतं. व्होल्वोनं १९९४ ला ब्रिटिश टूरिंग कार रेसमध्ये चक्क ८५० इस्टेट उतरवली, त्याच सुमारास ऑडी आणि पोर्शनं मिळून आरएस २ काढली, २.२ लिटर, पाच सिलिंडर, टर्बो, ३१५ हॉर्सपॉवर. जलद इस्टेटचं सगळं वेड तिथून पसरलं. आपल्याला त्याचा उपयोग शून्य, कारण परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि उजव्या स्टीअरिंगची हवी, वर ड्युटी. त्यामुळं इथं जी अधिकृत विकली गेली तीच आपली.

आणि ती फार थोडी. पहिली खरी चर्चा झाली ती २००४-०५ च्या आसपास आलेल्या ऑक्टाव्हिया कोंबीची. कागदावर १.९ टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल, ९० हॉर्सपॉवर, याला हाय-परफॉर्मन्स म्हणायला तोंड उघडत नाही, पण ज्यानं धुळ्याहून सोनगीर-शिरपूर पट्ट्यात पाच माणसं आणि भरलेली डिक्की घेऊन ती चालवली त्याला विचारा. टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, कमी वेगातच यायचा. शिवाय ताकद वाढवायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रिमॅप करून घेणारे निघालेच. आरएस नावाची १५० हॉर्सपॉवरची १.८ टर्बो पेट्रोल ऑक्टाव्हिया त्याच काळात मिळायची, मग पोरांनी तिचे व्हील, तिचे ब्रेक, तिचा बिल्ला शोधून कोंबीला लावले. आज आरएस लिहिलेली कोंबी कोणी दाखवली तर बिल्ला बघू नका, आरसीवर इंधन आणि सीसी काय लिहिलंय ते बघा. त्याच सुमारास शेवरलेच्या नावानं सुबारूची फॉरेस्टर पण आली होती, दोन लिटर पेट्रोल, चारही चाकांना ताकद, ती इस्टेट की जीप यावर अजून भांडणं होतात, माझ्या मते उंच इस्टेट.

आता मूळ मुद्दा. खान्देशात या गाड्या आल्या कुठून? इथल्या शोरूममधून तर नाही. बऱ्याचशा आल्या दिल्लीहून, आणि त्यामागं एक निर्णय आहे ज्यावर आजही एकमत नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्लीतल्या पर्यावरणाच्या लवादानं १५ वर्षांवरच्या गाड्या रस्त्यावर नको असं म्हटलं, एप्रिल २०१५ मध्ये डिझेलसाठी ती मर्यादा दहा वर्षं केली, पूर्ण एनसीआरला, म्हणजे दिल्ली आणि भोवतालच्या भागाला. तारखा जुळवून बघा, २००५ ची कोंबी बरोबर २०१५ ला दहा वर्षांची होते. म्हणजे ज्या डिझेल इस्टेटचं इंजिन नीट ठेवलं तर तीन लाख किलोमीटर जातं ती निम्म्यात बाद. धूर किती सोडते हे कोणी मोजलं नाही, फक्त जन्मतारीख बघितली. हवा खराब आहे हे खरंच आहे, दिल्लीच्या माणसाला श्वास घ्यायचा हक्क आहे, पण पीयूसी नावाची चाचणी मग कशासाठी ठेवलीय हा प्रश्न तेव्हाही होता, आताही आहे.

पुढचा भाग जास्त झोंबतो. २०१६ मध्ये गाड्यांची नोंदणी रद्द करायला सांगितलं, आणि दहा ते पंधरा वर्षांच्या डिझेल गाड्यांना बाहेरच्या राज्यात जायला एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, द्या म्हणाले, पण कुठं, तर जिथं गाड्यांची दाटी कमी आणि हवा खेळती आहे अशा भागात, आणि असे भाग राज्यांनी ठरवायचे. म्हणजे दिल्लीत जी गाडी विष ती दुसरीकडे चालते. आमच्याकडे दाटी कमी आहे हे कबूल, हवा खेळती आहे हे मे महिन्यात भुसावळला उभं राहून सांगा. २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वात वरच्या कोर्टानं हीच मर्यादा कायम केली आणि मग भाव खऱ्या अर्थानं पडले. दिल्लीचा मालक आठव्या वर्षीच गाडी काढायला लागला, कारण नवव्या वर्षी कोणी विचारत नव्हतं.

आणि दिल्लीतून निघालेली गाडी आग्रा रोड धरून ग्वाल्हेर, इंदूर, सेंधवा करत बिजासन घाट उतरली की पळासनेरला महाराष्ट्रात येते आणि पहिलं मोठं गाव लागतं शिरपूर, मग धुळे. एजंट लोकांनी हे आमच्याआधी ओळखलं. आमच्या एका आप्पांनी अशीच एक कोंबी घेतली, मीटर ७२ हजार दाखवत होतं, आणि ब्रेकचं पेडल घासून लोखंड दिसत होतं. आप्पा म्हणाले, भो, दिल्लीत ट्रॅफिक लय, ब्रेक जास्त लागतो. लागत असेल. नंतर टायमिंग बेल्टवर आधीच्या मेकॅनिकनं मार्करनं लिहिलेला किलोमीटरचा आकडा सापडला, १ लाख ६० हजार. एजंट तोवर फोन उचलत नव्हता.

कागदाचं कोडं पण याच काळात वाढलं. परराज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो, एमएच १८, १९ किंवा ३९, आणि तेव्हा मूळ किमतीवर वयाप्रमाणे कमी होत जाणारा एकरकमी टॅक्स लागतो. महाराष्ट्रात नवीन डिझेलचा दर किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के, पेट्रोलपेक्षा दोननं जास्त, त्यामुळं स्वस्तात पडलेली गाडी पळासनेर ओलांडताच महाग होते. कित्येकांनी म्हणून डीएल, म्हणजे दिल्लीचाच, नंबर तसाच फिरवला आणि आता पुढं विकताना पहिल्या मालकाची सही आणा म्हणून अडकलेत. बँकेचा बोजा उतरला का, एनओसी कोणत्या आरटीओच्या नावानं निघाली, हे इंजिन ऐकण्याआधी बघायचं. एनओसी नाशिकच्या नावची असेल तर धुळ्यात घेत नाहीत, परत दिल्ली.

नव्या पिढीच्या गाड्या हा वेगळाच प्रकार. जून २०१५ ला ऑडीची आरएस ६ अव्हांट अधिकृतपणे आली, चार लिटर व्ही ८, ५६० हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर चार सेकंदांच्या आत, किंमत १ कोटी ३५ लाख. जुन्यात ती बघणाऱ्यानं एकच गोष्ट लक्षात ठेवावी, दोन्ही टर्बो इंजिनच्या मधोमध बसलेत आणि त्यांना ऑईल नेणाऱ्या लाईनमधली बारीक जाळी चोक होते, मग टर्बो जातात, आणि तिथं हात घालणारा माणूस धुळ्यात मला तरी भेटलेला नाही. २०१७ ला व्होल्वोची व्ही ९० क्रॉस कंट्री आली, दोन लिटर डिझेल, २३५ हॉर्सपॉवर, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच, म्हणजे आमच्या गावातल्या स्पीडब्रेकरला चालणारी एकमेव. उंचीमुळंच जीएसटीच्या हिशोबात ती एसयूव्हीत बसते, तो शब्दांचा गोंधळ परत. २०१८ ला मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन, १९४ हॉर्सपॉवर, ७५ लाख, एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे, जे आपल्या उन्हात आणि धुळीत किती टिकतं यावर भाव ठरतो. व्ही ९० ला पण मागं हवेचे फुगे असू शकतात, गाडी रात्रभर उभी करून सकाळी मागून खाली बसलीय का ते बघावं.

मधल्या काळात नियम हलतच राहिले. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० झाली, इम्पोर्टेडला ४०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांना ती १०,००० आणि ८०,००० केली, म्हणजे पहिल्या कोंब्या बरोबर त्यात सापडल्या, बिचाऱ्यांचं नशीबच तसं. डीलरकडून घेतली तर त्याच्या नफ्यावर आता सरसकट १८ टक्के जीएसटी, घरमालकाकडून थेट घेतली तर काही नाही.

दिल्लीत १ जुलै २०२५ ला मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर तेल द्यायचं नाही असं ठरलं आणि काही दिवसांत मागं घेतलं. ऑगस्टमध्ये कोर्टानं नुसत्या वयावरून कारवाई नको म्हटलं, डिसेंबरमध्ये ते संरक्षण फक्त बीएस ४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराचे सरकारी निकष) आणि पुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. जुन्या बीएस ३ कोंब्यांना याचा फायदा नाही. पण २०१७ ची व्ही ९० बीएस ४ आहे, तिची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतील आणि दिल्लीच्या मालकाला तेव्हा घाईनं विकायची गरज उरणार नाही. गेल्या महिन्यात एका एजंटला भाव विचारला तर तो म्हणे, साहेब, दिल्लीवाले आता थांबलेत, फोनच लावत नाहीत.