बोअरचे जड व लोहयुक्त पाणी : मुंबईतील घरगुती प्रक्रिया आणि पाण्याचा दाब

कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले पाणी साबणाला फेस येऊ देत नाही. शालेय पुस्तकांत त्याला दुष्फेन म्हणतात, बोलण्यात जड पाणी. त्यात लोह विरघळलेले असले, की बादल्या, फरशी आणि पांढरे कपडे तांबूस होतात. मुंबईच्या नळाला येणारे पाणी विहार, तुळशी, तानसा, भातसा व वैतरणेवरील धरणांचे आणि बहुतांशी सुफेन असते. जडपणाचा त्रास सुरू होतो तो सोसायटीच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून. हे पाणी एरवी फ्लश, बाग आणि गाड्या धुण्यापुरते असते. पाणीकपातीच्या दिवसांत ते वापराच्या टाकीत सोडले जाते आणि काही महिन्यांत शॉवरची धार बारीक होते, गिझर उशिरा तापतो, पाइप आतून चोंदतात. म्हणून जडपणा, लोह आणि दाब यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

१८६० मध्ये विहारचे पाणी येईपर्यंत शहर विहिरी व तलावांवरच जगत होते. चर्चगेटजवळची १७२५ ची भिका बेहराम विहीर समुद्र जवळ असूनही गोड्या पाण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण असे सगळीकडे घडत नाही. मुंबईखालचा खडक मुख्यतः बेसाल्ट आहे. पाणी त्याच्या फटींतून आणि मुरमातून झिरपताना क्षार घेत जाते. खाडीलगत व भरावाच्या जमिनीत त्यात समुद्राचा खारटपणाही मिसळतो. जड पाणी आणि खारे पाणी यांतला फरक पैसे खर्च करण्यापूर्वी समजून घ्यायला हवा, कारण सॉफ्टनर (जडपणा काढणारे यंत्र) खारटपणा तसूभरही कमी करत नाही.

निदान : बोअर अर्धा तास चालवून मगच नमुना घ्यावा आणि प्रयोगशाळेत एकूण जडपणा, लोह, सामू (pH), क्लोराइड, एकूण विद्राव्य क्षार व जीवाणू तपासावेत. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण जडपणा लिटरला २०० मिग्रॅ. पर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. लोह ०.३ मिग्रॅ. च्या वर गेले की डाग पडू लागतात. अहवाल येईपर्यंत स्वयंपाकघरातही बरेच कळते : तूरडाळ शिजता शिजत नाही आणि चहा काळपट होतो. पहिले लक्षण जडपणाचे, दुसरे लोहाचे.

लोह कोठून येते हे ओळखण्यासाठी काचेचा ग्लास पुरतो. बोअरचे पाणी भरताना नितळ आणि अर्ध्या तासात पिवळे-तांबूस झाले, तर लोह विरघळलेल्या रूपात आहे. भरतानाच लाल असेल तर ते आधीच गंजरूप झालेले आहे. फ्लशच्या टाकीत बुळबुळीत तांबडा थर आणि कुजका वास असेल तर लोहजीवाणूंचा (लोहावर वाढणाऱ्या जीवाणूंचा) संशय घ्यावा. आणि फक्त सकाळचे पहिले पाणी लाल येऊन नंतर स्वच्छ होत असेल, तर विहिरीचा काहीच दोष नाही. तो जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा गंज आहे. जुन्या इमारतींत अशा वेळी फिल्टर विकत घेतला जातो आणि पाइप तसाच राहतो. हा खर्च वाया जातो.

लोह काढणे : विरघळलेले लोह गाळले जात नाही, आधी त्याचे ऑक्सिडीकरण करून कण बनवावे लागतात. सामू ७ च्या वर असेल तर पाणी टाकीत फवाऱ्याने किंवा छिद्रांच्या ट्रेमधून पाडणे हा सर्वांत स्वस्त उपाय. १ मिग्रॅ. लोहाला जेमतेम ०.१४ मिग्रॅ. ऑक्सिजन लागतो. लोह जास्त असेल किंवा जागा कमी असेल तर क्लोरिन वापरतात, १ मिग्रॅ. लोहाला सुमारे ०.६४ मिग्रॅ. म्हणजे लिटरला ३ मिग्रॅ. लोह असलेल्या १,००० लिटर पाण्याला सुमारे २ ग्रॅम क्लोरिन, अर्थात ३० टक्के क्लोरिनच्या ब्लीचिंग पावडरची ६ ते ७ ग्रॅम. जीवाणू व सेंद्रिय द्रव्येही क्लोरिन खातात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी जास्त लागते. पावडर बादलीत कालवून वरची निवळीच टाकीत घालावी आणि २० ते ३० मिनिटे थांबावे. तुरटीने फक्त आधीच गंजरूप झालेले कण खाली बसतात.

त्यानंतर वाळूचा किंवा मँगनीज डायऑक्साइड माध्यमाचा दाबफिल्टर येतो. ३३ सेंमी. व्यासाच्या टाकीतून ताशी सुमारे १,००० लिटर पाणी नेणे योग्य. घाईने जास्त नेले तर लोह पलीकडे निघून जाते. उलट्या प्रवाहाने धुताना पंप कमजोर असला तर माध्यम उचलले जात नाही, आत चिखलाचे गोळे होतात आणि फिल्टर ‘बिघडला’ असे वाटू लागते. फिल्टरच्या आधी व नंतर दाबमापक बसवावेत. दोहोंतला फरक स्वच्छ असतानाच्या तुलनेत अर्धा किलो/चौ.सेंमी. ने वाढला की धुण्याची वेळ झाली.

लोहजीवाणू असतील तर बोअरच निर्जंतुक करावी लागते. १५ सेंमी. व्यासाच्या बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १८ लिटर पाणी असते, ६० मी. पाण्याचा स्तंभ असेल तर सुमारे १,०६० लिटर. त्यात लिटरला १०० मिग्रॅ. प्रमाणाने क्लोरिन द्यायला सुमारे ३५० ग्रॅम पावडर लागते. ते १२ ते २४ तास ठेवून, वास जाईपर्यंत पाणी गटारात उपसावे, टाकीत सोडू नये. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर विषारी क्लोरिन वायू सुटतो, त्यामुळे दोन्ही एका दिवशी हाताळूच नयेत.

जडपणा काढणे : उकळल्याने फक्त बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा जातो. घरभर पाण्यासाठी रेझिनचा (जडपणाचे क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा) सॉफ्टनर लागतो आणि तो नेहमी लोहाच्या फिल्टरनंतरच बसवावा, कारण लोह रेझिनच्या मण्यांवर चिकटून त्यांची क्षमता मारते. क्लोरिन वापरले असेल तर मध्ये कार्बन फिल्टर हवा. १ लिटर रेझिन सुमारे ५० ग्रॅम जडपणा धरते. म्हणजे ५०० मिग्रॅ. जडपणाच्या पाण्यावर २५ लिटर रेझिन अडीच हजार लिटरपर्यंत चालते. मग सुमारे ४ किलो मिठाचे १० टक्के द्रावण सावकाश सोडून ते पुन्हा ताजे करावे. मीठ घाईत सोडले की अर्धे गटारात जाते आणि आठवड्याभरात ‘सॉफ्टनर चालत नाही’ ही तक्रार येते.

सॉफ्टनर दर १०० मिग्रॅ. जडपणामागे पाण्यात ४६ मिग्रॅ. सोडियम वाढवतो. रक्तदाबाचा रुग्ण घरी असेल तर स्वयंपाकाचे व पिण्याचे पाणी महापालिकेच्या नळाचेच ठेवावे. पाइपावर बाहेरून बांधायच्या चुंबकांनी जडपणा उतरत नाही. आधी व नंतर साध्या टेस्ट किटने मोजून खात्री करता येते. गिझरचे तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवल्यास पांढरा थर बराच कमी बसतो. बसलेला थर लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अॅसिडच्या कोमट द्रावणाने निघतो.

दाब : १० मी. उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ किलो/चौ.सेंमी. गच्चीवरच्या टाकीच्या अगदी खालच्या घरात शॉवरपासून पाण्याची उंची ३ मी. धरली तर दाब जेमतेम ०.३ किलो मिळतो. मजला जितका खाली तितका दाब जास्त. म्हणून वरच्या मजल्याची तक्रार आणि खालच्या मजल्याचे फुटणारे पाइप एकाच टाकीमुळे असू शकतात.

तपासणी नळापासून मागे करत जावी. आधी नळाची जाळी व अँगल कॉक, मग घराची मुख्य लाइन, शेवटी डाउनटेक, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा उभा पाइप. २० लिटरची बादली भरायला लागणारा वेळ मोजावा. २ मिनिटे म्हणजे मिनिटाला १० लिटर, शॉवरला पुरेसे. एकच नळ मंद असेल तर जाळी, सगळेच मंद असतील तर लाइन. २५ मिमी. पाइप आतल्या थराने २० मिमी. झाला तर प्रवाह निम्म्यावर येतो, साडेबारा झाला तर सहाव्या हिश्श्यावर. असा पाइप बदलावाच लागतो; चोंदलेल्या जीआयवर पंप बसवला तर सांधे गळू लागतात. टाकी धुतल्यावर पाणी थांबून थांबून येत असेल तर लाइनमध्ये हवा अडकली आहे. गच्चीवरच्या आडव्या पाइपातून हवानळी टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या वर नेलेली असली पाहिजे.

हे सारे निस्तरल्यावरही वरच्या मजल्याला दाब कमीच असेल तर प्रेशर पंप लावावा : टाकीच्या आउटलेटच्या खालच्या पातळीवर, एकमार्गी झडप आणि बायपाससह, सोसायटीच्या संमतीने. महापालिकेच्या लाइनवर थेट पंप लावण्यास मनाई आहे, कारण तो शेजाऱ्यांचे पाणी ओढतो आणि फुटक्या पाइपातून गटाराची घाणही आत खेचतो. पंप मिनिटामिनिटाला चालू-बंद होत असेल तर दाबटाकीतील हवा तपासावी : सारी लाइन रिकामी करून ही हवा पंप चालू होण्याच्या दाबापेक्षा ०.२ किलोने कमी दाबाने भरावी. पंप १.४ किलोला सुरू होत असेल तर हवा १.२. उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर मात्र उलट उपाय करावा लागतो, म्हणजे दाब कमी करणारी झडप, २ ते २.५ किलोवर लावलेली. तिची जाळीही जड पाण्याने चोंदते, म्हणून सहा महिन्यांनी ती उघडून धुवावी.