कॅटची सवय सीईटीत नेऊ नका

"कॅट दिली आहे ना, मग सीईटी अशीच निघेल." हे ऐकलं की मला धडकी भरते.

कॅटबद्दल फार सांगायला नको: आयआयएमची एमबीए प्रवेशपरीक्षा, नोव्हेंबरात होते, तीन विभाग, प्रत्येकाला 40 मिनिटं. महाराष्ट्रातल्या एमबीए प्रवेशाची एमबीए-सीईटी राज्याचा सीईटी सेल घेतो. अभ्यासक्रम बराचसा तोच, आकृत्यांचे प्रश्न तेवढे जास्तीचे. पर्सेंटाइलची, म्हणजे किती टक्के मुलं तुमच्या मागे त्या आकड्याची, तुलना तर करूच नका, दोन्हीकडे बसणारी मुलं वेगळी.

घोळ होतो तो चुकीच्या उत्तराच्या हिशेबात. कॅटमध्ये बहुपर्यायी प्रश्न बरोबर आला तर 3 गुण, चुकला तर 1 वजा. चार पर्यायांत अंदाजाने ठोकत गेलात तर सरासरी चारांतला एक लागतो, तीन चुकतात आणि हाती शून्य उरतं. म्हणून येत नाही तो प्रश्न सोडायचा, हे महिनोन्‌महिने मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देऊन अंगवळणी पडतं. ते बरोबरच आहे, पण कॅटपुरतं.

सीईटीत 200 प्रश्न, 150 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 45 सेकंद. बरोबर उत्तराला 1 गुण आणि चुकीला काहीच वजा नाही. इथे कोरा ठेवलेला प्रश्न म्हणजे हातचं घालवणं. पाच पर्यायांत 40 प्रश्न नुसते ठोकले तरी सरासरी 8 गुण पदरात पडतात.

माझी भाची परीक्षा देऊन आली ती समाधानाने सांगत होती, "मामा, 31 प्रश्न सोडले, उगाच रिस्क नको." गोल टेबलाभोवती आठ जणांना बसवण्याच्या एका कोड्यात तिची सहा मिनिटं गेली होती. त्या वेळात आठ प्रश्न झाले असते. ते 31 कोरे प्रश्न आजही माझ्या डोक्यातून जात नाहीत.

कॅटच्या गुणांवर बहुतेक ठिकाणी नुसता मुलाखतीचा कॉल येतो, तिथे सावरायला वाव असतो. मुंबईतल्या जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम या मॅनेजमेंट संस्थांत कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, जायचं तर मुलाखत नसते, गुणवत्ता यादीतला क्रमांकच सगळं ठरवतो. तिथे पाच-सहा गुणही जड जातात.

म्हणून शेवटची तीन मिनिटं राखूनच ठेवा. त्यात नवा प्रश्न वाचायचा नाही. एक पर्याय मनाशी धरायचा आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला तोच मारत सुटायचं.