जुन्या ऑटोमॅटिक एसयूव्हीची ताकद वाढवण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वापरलेली फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन किंवा कुशाक घेतल्यावर महिन्याभरात आमच्या गॅरेजमध्ये येणारे बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात : गाडीची ताकद थोडी वाढवून मिळेल का? मिळेल. मात्र त्याआधी गिअरबॉक्स तपासावा लागेल, असे आम्ही सांगितले की काहींचा चेहरा पडतो आणि काहींना आम्ही उगाच बिल वाढवतो आहोत असे वाटते. रोज तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावे, म्हणून हे पत्रक.

2016 साली आलेल्या 2.8 लिटर डिझेल फॉर्च्युनरचेच उदाहरण घ्या. इंजिन एकच, ताकद 177 पीएस (अश्वशक्तीचे माप). पण ऑटोमॅटिकला 450 न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) आणि मॅन्युअलला 420. 2021 मध्ये तेच इंजिन 204 पीएसचे झाले, ऑटोमॅटिकचा टॉर्क 500 वर गेला आणि मॅन्युअलचा मात्र 420 वरच राहिला. स्कॉर्पिओ-एनच्या 175 पीएस डिझेलमध्येही मॅन्युअलला 370 आणि ऑटोमॅटिकला 400 अशी विभागणी आहे. इंजिन किती देऊ शकते याच्याइतकाच मागचा गिअरबॉक्स किती पेलतो याचाही हिशेब कंपनीने केलेला असतो, हे या आकड्यांवरून उघड दिसते.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा, की नवी फॉर्च्युनर 500 देते, तिचाही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सहा गिअरचाच आहे, मग माझ्या 2017 च्या गाडीला 500 करून द्यायला काय हरकत आहे? हरकत एवढीच, की नव्या गाडीत इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळवून दिलेले असते, आणि आपल्या गिअरबॉक्समधील क्लच प्लेट लाखभर किलोमीटर चालून झालेल्या असतात. कुशाक किंवा टायगुनच्या 1.5 लिटर डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) गाडीत तर हा वाद घालायलाही जागा नाही. तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच (ऑइलमध्ये न बुडलेल्या क्लचच्या) गिअरबॉक्सची मर्यादा 250 न्यूटन-मीटर आहे आणि इंजिन कंपनीतूनच 250 देते. अशा गाडीचा टॉर्क वाढवण्याचे काम आम्ही घेत नाही, मग ग्राहक कितीही जुना असो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील क्लच प्लेट ऑइलच्या दाबाने एकमेकींवर आवळल्या जातात, आणि हा दाब किती ठेवायचा हे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनाने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. बाजारात मिळणारा, वायरिंगला मध्येच जोडायचा ट्यूनिंग बॉक्स नेमकी इथे लबाडी करतो. डिझेल गाडीत तो इंधनाचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे इंजिनाच्या कॉम्प्युटरला भासवतो, त्यामुळे दाब वाढवला जातो आणि सिलिंडरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त डिझेल जाते. म्हणजे इंजिन प्रत्यक्षात 500 न्यूटन-मीटर देत असताना गिअरबॉक्सला 450 चाच निरोप जातो, तो 450 पुरताच दाब ठेवतो आणि प्लेट घसरू लागतात. सुरुवातीला हे जाणवतही नाही. पुढे खंबाटकीच्या चढावर गाडी भरलेली असताना आरपीएमचा काटा वर जातो आणि गाडी मात्र क्षणभर जागच्या जागी राहिल्यासारखी वाटते. यालाच आपण गिअरबॉक्स स्लिप मारतो असे म्हणतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्येच नीट केलेला रीमॅप, म्हणजे सॉफ्टवेअरमधला बदल, यापेक्षा पुष्कळ बरा, कारण त्यात टॉर्कचा खरा आकडा गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवता येतो. मात्र तो करणाऱ्याने ते केले आहे की नाही, हे विचारून घ्यावे लागते.

आता आमच्या मुख्य तक्रारीकडे येतो, आणि ती मनावर घ्यावी ही विनंती. गाडी झटका मारू लागली की अनेक ग्राहक आदल्या रात्री घरीच ट्यूनिंग बॉक्स काढून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी आमच्याकडे आणून ‘काहीच केलेले नाही’ असे सांगतात. मध्यंतरी एका फॉर्च्युनरवर आमचे दोन दिवस असेच गेले. स्कॅनरवर चालू दोष एकही नव्हता, कात्रज घाटातल्या तीन फेऱ्यांत झटका आला नाही, आणि आम्ही वायरिंग, सेन्सर, इंजिन माउंटिंग असे एकेक तपासत बसलो. शेवटी ऑइल पॅन उतरवला तेव्हा ऑइल काळपट आणि जळक्या वासाचे निघाले आणि तळाच्या चुंबकांवर राखाडी लगदा बोटभर जाड साचलेला दिसला. म्हणजे प्लेट झिजल्या होत्या. इंधनाच्या रेलवरील (इंजिनाला दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीवरील) सेन्सरच्या कनेक्टरला नव्या प्लास्टिक टायची खूण होतीच, म्हणजे बॉक्स तिथे जोडलेला होता. बॉक्स गाडीवर असता तर हे निदान अर्ध्या तासाचे होते. आम्ही कोणाला रागावत नाही, पण त्या दोन दिवसांची मजुरी लावावी लागते आणि मग दोन्ही बाजूंना वाईट वाटते.

गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दलही दोन शब्द. हे ऑइल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे सांगून बऱ्याच जुन्या गाड्या विकल्या जातात. प्रत्यक्षात अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षे झाल्यावर ऑइल बदलण्यास सांगते. प्लग उघडल्यावर निम्म्याहून कमी ऑइल बाहेर येते, उरलेले मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) राहते. म्हणून आम्ही मधे गाडी चालवून दोन-तीन वेळा ऑइल बदलतो. दुर्लक्षित गिअरबॉक्सवर मशीनने दाबाखाली फ्लश करणे, म्हणजे जुने ऑइल धुऊन काढणे, आम्ही टाळतो. ऑइल तापले की फुगते, त्यामुळे पातळी ठरावीक तापमानालाच आणि इंजिन चालू ठेवून मोजावी लागते. गाडी दिवसभर ठेवून घेण्याचे कारण हे आहे.

टायरचा विचार फारसे कोणी करत नाही. फॉर्च्युनरला मूळ 265/60 आर18 ऐवजी 285/65 आर18 बसवले की चाकाचा व्यास सुमारे 775 मिलिमीटरवरून 828 वर जातो, म्हणजे जवळपास सात टक्के वाढतो. गाडी भारदस्त दिसते यात शंका नाही, पण प्रत्येक गिअर तितकाच लांब होतो, म्हणजे त्या गिअरमधली ओढ कमी होते, चढावर टॉर्क कन्व्हर्टर अधिक वेळ घसरत राहतो, ऑइल तापते आणि वर स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. दोन टनांहून जड गाडीला जड रिम लावून नंतर रीमॅपने पिकअप परत मिळवण्याचा खटाटोप आम्हाला तरी पटत नाही.

आमचा क्रम असा आहे. आधी गिअरबॉक्सचे स्कॅनिंग, ऑइल, आणि भरलेल्या गाडीची घाटातली चाचणी. त्यानंतर चांगले ब्रेक पॅड, नवे ब्रेक ऑइल, शॉक अॅब्सॉर्बर आणि मूळ मापाचे दर्जेदार टायर, कारण यांनी गाडी खरोखर बदलते आणि गिअरबॉक्सवर कणभरही भार येत नाही. एवढे झाल्यावर निम्मे ग्राहक रीमॅपचा विषयच काढत नाहीत, हे आमच्या धंद्याच्या दृष्टीने फारसे चांगले नाही, पण खरे आहे. ज्यांना तरीही हवा असेल त्यांना आम्ही खालच्या आरपीएमवरचा टॉर्क फार न वाढवता वरच्या आरपीएमला ताकद देणारा रीमॅप सुचवतो. सोळाशे आरपीएमला, कन्व्हर्टर लॉक (म्हणजे इंजिन गिअरबॉक्सशी थेट जोडलेले) असताना वरच्या गिअरमध्ये दाबलेला अॅक्सिलरेटर गिअरबॉक्सला सर्वांत महागात पडतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे कोणताही बदल करण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. याच कारणाने बंपरपुढे लावायचा लोखंडी क्रॅश गार्ड आम्ही बसवत नाही.

तपासणीसाठी येताना आधी फोन करून वेळ घ्यावी, जुन्या मालकाकडून मिळालेली सर्व्हिसची बिले आणावीत, गाडी सकाळी गार असताना आणावी, आणि ट्यूनिंग बॉक्स लावलेला असल्यास तो लावलेलाच ठेवावा.