गतीपासून मतीपर्यंत : ‘रिटार्ड’ या शब्दाची पार्श्वभूमी

एअरबस कंपनीचे विमान उतरताना धावपट्टीपासून साधारण वीस फुटांवर आले की कॉकपिटमध्ये यंत्राचा आवाज घुमतो, ‘रिटार्ड, रिटार्ड’. वैमानिकाने थ्रस्ट लिव्हर (इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा) मागे ओढून इंजिने आयडलवर, म्हणजे किमान शक्तीवर, आणावीत, एवढीच ती आठवण असते. हाच शब्द अमेरिकेत एखाद्या माणसाला उद्देशून उच्चारला, तर तो आज शिवीच मानला जातो. वेग कमी करण्याची साधी सूचना आणि माणसाचा अपमान, ही दोन्ही कामे एका शब्दाकडे आली कशी, हे पाहण्यासाठी लॅटिनपर्यंत मागे जावे लागते.

लॅटिनमध्ये ‘टार्डस’ म्हणजे संथ. त्यावरून उशीर लावणे, अडवून धरणे या अर्थाचे ‘रिटार्डारे’ हे क्रियापद झाले आणि फ्रेंचमार्गे ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आले. वर्गात उशिरा येणाऱ्या मुलाला लावला जाणारा ‘टार्डी’, संगीताची लय हळूहळू उतरवण्याची इटालियन सूचना ‘रिटार्डांडो’ आणि सूक्ष्मदर्शकाखाली रांगताना दिसणारा आठ पायांचा ‘टार्डिग्रेड’ ही सगळी त्याच घरातली मंडळी. तंत्रज्ञांनी हा शब्द मूळ अर्थासह जपला आहे. इंजिनाचे टायमिंग ‘रिटार्ड’ केले की ठिणगी थोडी उशिरा पडते. उन्हाळ्यात लांबून येणारे रेडीमिक्स काँक्रीट वाटेतच आवळू नये म्हणून त्यात ‘रिटार्डर’ मिसळतात. आणि आग भराभर पसरू नये म्हणून कापडाला ‘फायर रिटार्डंट’ रसायन लावतात.

माणसाला हा शब्द ठळकपणे लागला तो शाळेच्या हजेरीपटावरून. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी, वयाच्या मानाने खालच्या इयत्तेत बसलेल्या मुलाला ‘रिटार्डेड’ म्हणत. मग तो आजारपणामुळे मागे पडला असो, उशिरा शाळेत घातला असो की नापास झाला असो. लेनर्ड आयर्स यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सरकारी शाळांतली सुमारे एक तृतीयांश मुले या व्याख्येत बसत होती. म्हणजे हा शब्द तेव्हा मुलाच्या बुद्धीपेक्षा त्याच्या इयत्तेविषयी बोलत होता.

डॉक्टरांचे शब्द त्या काळी फार कठोर होते. ‘इडियट’, ‘इंबेसिल’ आणि ‘मोरॉन’ या बुद्धीच्या मोजमापातल्या अधिकृत पायऱ्या होत्या. त्यांतला ‘मोरॉन’ तर मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांनी १९१० मध्ये ग्रीक शब्दावरून मुद्दाम घडवला. या वर्गवारीचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. १९२७ मध्ये ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची नसबंदी वैध ठरवली, आणि न्यायमूर्ती होम्स यांनी निकालपत्रात ‘इंबेसिल’ हाच शब्द वापरला.

या पार्श्वभूमीवर ‘मेंटली रिटार्डेड’ हा शब्दप्रयोग सौम्य आणि सभ्य वाटला, तर नवल नाही. मूल कमी नाही, त्याची वाढ फक्त सावकाश होते आहे, असा दिलासा त्यात होता. १९५० मध्ये पालकांनी देशव्यापी संघटना उभारली तेव्हा तिच्या नावात त्यांनी हाच शब्द आपणहून घेतला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये नेमलेल्या समितीच्या नावातही तो होता. पुढे शाळेच्या मैदानावर त्याची शिवी झाली आणि जुन्या शब्दांच्याच वाटेने तो गेला. भाषा आणि मन यांचे अभ्यासक स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ मध्ये या फेऱ्याला पायचक्कीची उपमा दिली : नवा सभ्य शब्द येतो, जुना हेटाळणीचा भाव त्याला चिकटतो, मग आणखी नवा शोधावा लागतो.

या क्षेत्रातील सर्वांत जुन्या अमेरिकी व्यावसायिक संस्थेच्या पाट्या हीच कहाणी सांगतात. १८७६ मध्ये तिच्या नावात ‘इडियॉटिक’ होते, नंतर ‘फीबल-माइंडेड’, १९३३ पासून ‘मेंटल डेफिशियन्सी’, १९८७ पासून ‘मेंटल रिटार्डेशन’ आणि २००७ पासून ‘इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी’. ५ ऑक्टोबर २०१० रोजी ओबामा यांनी सही केलेल्या ‘रोझाज लॉ’ने अमेरिकेच्या अनेक केंद्रीय कायद्यांतला जुना शब्द बदलला.

मराठी वाचकाला या कहाणीत अनोळखी असे फारसे काही वाटणार नाही, कारण आपल्या ‘मंद’ शब्दाने हीच वाट धरलेली आहे. मंद वारा आणि मंद समई कुणाला खटकत नाही. शनीला ‘मंद’ म्हणतात ते तो राशीचक्रातून सावकाश सरकतो म्हणून. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ‘रिटार्डेशन’चे भाषांतर ‘मंदन’ असे सरळ होते. पण ‘मती’शी जोडला गेल्यावर तोच शब्द आधी शाळांच्या फलकांवर चढला आणि मग चेष्टेत उतरला. आता ‘विशेष मूल’ हा शब्द रूढ झाला आहे, आणि ‘तो जरा स्पेशलच आहे’ हे वाक्य मुले कोणत्या स्वरात म्हणतात ते कुठल्याही पटांगणावर ऐकायला मिळते.

भारताच्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ‘मेंटल रिटार्डेशन’ हा अपंगत्वाचा अधिकृत प्रकार होता. त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्याने तो शब्द सोडून ‘इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी’, म्हणजे बौद्धिक अक्षमता, असा उल्लेख केला. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या लांबलचक नावात मात्र ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी यांच्या शेजारी ‘मेंटल रिटार्डेशन’ तसेच राहिले.